तीन भिंतींचं दुकान

सासूबाई कापायच्या आणि सून शिवायची. पंधरा वर्षं हीच वाटणी होती आणि तिच्यात कधी बदल झाला नाही. पहिल्या मजल्यावरची भाड्याची खोली, खिडकीशी दोन मशिनं आणि मधोमध कंबरेइतकं उंच, पलंगाएवढं टेबल. मशिनं सुनेची, टेबल सासूबाईंचं. टेबलावरची मोठी कात्री सुनेच्या हाती यायची ती फक्त धार लावायला न्यायची असली तरच. एरवी चुकून हात गेला की, "ठेव ती. दोरे कापायला तुझी लहान आहे ना?" हे ठरलेलं वाक्य.

लांब कोट अंगावर बसावा तर ह्यांच्याच दुकानाचा, असं लोक म्हणत. त्या कौतुकात निम्मा वाटा शिवणीचा होता, पण ते सगळं जायचं कात्रीच्या खात्यात. सुनेला ह्याचं वाईट वाटायचं का? वाटायचं, न वाटायला ती काही साधुसंत नव्हती. पण सासूबाई कापडावर खडूची रेघ ओढू लागल्या की तिचे पाय मशिनवर आपोआप थांबायचे. खांद्यापासून बाहीच्या मुंढ्यापर्यंत ती रेघ एका दमात उतरायची, आणि तेवढ्या वेळात सुनेचा राग कुठे जायचा ते तिलाही कळायचं नाही.

मग गुडघे गेले. खोलीला बावीस पायऱ्या होत्या आणि कठडा एकाच बाजूला. आधी सासूबाई अकराव्या पायरीवर थांबून "जिना झाडला नाही वाटतं कुणी" असं काहीबाही म्हणत श्वास घ्यायच्या. मग पाचव्यावर थांबू लागल्या. मग एक दिवस सगळ्यांत खालच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "तू हो पुढे. मी जरा ऊन खाते." त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं. त्यानंतर त्या दुकानात आल्या नाहीत.

ह्याला आठ महिने झाले होते. घरी कापावं तर जेवणाचं टेबल जेमतेम चौघांचं, त्यावर लांब कोटाची पाठ पसरली की निम्मी खाली लोंबते. जमिनीवर बसून कापायचे दिवस गुडघ्यांबरोबरच संपले होते. सुनेने एकदा, सासूबाईंना न सांगता, दुकानात एक कोट स्वतः कापला. पाठ जमली, पुढचे भाग जमले, आणि दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या निघाल्या. कागद उलटा करून ठेवायचं विसरली होती. सासूबाईंनी त्या बाह्या पाहिल्या, एकीवर एक नीट ठेवल्या आणि एक शब्द बोलल्या नाहीत. चार शब्द सुनावले असते तरी सुनेला परवडलं असतं. तेव्हापासून दुकानात चेन बदलणं, उंची कमी करणं आणि उसवलेलं शिवणं एवढंच उरलं.

"शिवणाचं दुकान होतं, ठिगळांचं झालं," सासूबाई एकदा म्हणाल्या. नंतर त्या तेवढंही बोलेनाशा झाल्या. ज्या बाईने उभ्या जन्मात नाकावर माशी बसू दिली नव्हती, ती सकाळी खुर्चीत बसायची ती संध्याकाळीही तिथेच असायची, आणि शेजारी चहा साय धरून थंड झालेला असायचा. सून भांडायला मुद्दाम कारणं काढायची. मशीनमध्ये तेल जास्त घालते, काजं मोठी करते, असं आपणहून सांगायची. सासूबाई "करा काय करायचं ते" म्हणायच्या.

घराला लागून एक गॅरेज होतं. गाडी विकून चार वर्षं झाली होती. आता तिथे रंगाचे डबे, मोडक्या खुर्च्या आणि सवडीने दुरुस्त करू म्हणून नवऱ्याने ठेवलेले तीन पंखे नांदत होते. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. गॅरेजमध्ये दुकान थाटावं का, असं सुनेने फोनवर विचारलं तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही दोघी ठरवाल ते." त्या घरात त्याचं मत विचारायची पद्धत होती, ऐकायची नव्हती. सुनेने टेप घेऊन मापं घेतली. बारा फूट रुंद, अठरा फूट लांब. मोठं टेबल मावत होतं, मशिनं मावत होती, आणि मुख्य म्हणजे एकही पायरी नव्हती.

पण घरातली जागा म्हणजे काही आपलं राज्य नव्हे. गॅरेजचं दुकान करायचं तर नगर कार्यालयाची परवानगी हवी. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने ती न घेताच व्हरांड्यात आरसे लावले होते, आणि आठवड्याच्या आत त्याच्या आरशांना कुलूप लागलं होतं. सुनेने त्यावरून कानाला खडा लावला आणि रीतसर अर्ज आणला. अकरा पानांचा होता. सातव्या कलमात 'वापर बदलण्याचे कारण' असं होतं आणि खाली तीन ओळी मोकळ्या सोडल्या होत्या. सुनेने लिहिलं, 'माझ्या सासूबाईंना जिना चढता येत नाही.'

"खोड ते," खुर्चीतून आवाज आला. सासूबाईंचे गुडघे गेले होते, नजर नव्हती गेली.

"का? खोटं आहे का?"

"खरं आहे म्हणून काय सगळ्या गल्लीला वाचायला द्यायचं? उद्या ते लोक गेटवर कागद चिकटवतील. अमक्या म्हातारीचे गुडघे निकामी, तरी कुणाची हरकत असल्यास कळवावे. झाकली मूठ सव्वा लाखाची असते. व्यवसायवाढ लिही."

सुनेने 'व्यवसायवाढ' लिहिलं. ज्या दुकानात ठिगळांखेरीज काही उरलं नव्हतं, त्याची वाढ. लिहिताना तिलाच ओशाळल्यासारखं झालं.

अर्जासोबत जागेचा नकाशा जोडायचा होता. एकास पन्नास मापात, भिंती, दारं, खिडक्या दाखवून. नकाशे काढणारा एक माणूस कार्यालयासमोरच बसायचा, सून त्याच्याकडे जायला निघाली, तर सासूबाई म्हणाल्या, "नकाशा म्हणजे काय? मापं घ्यायची आणि कागदावर उतरवायची. मी जन्मभर दुसरं काय केलं? खाकी कागद आण."

आठ महिन्यांत त्यांनी पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. सुनेने कागद आणला, पट्टी आणली, पेन्सिलीला टोक काढून दिलं आणि नकाशेवाल्याचं नावही पुन्हा काढलं नाही. दोन दिवस सासूबाई जेवणाच्या टेबलाशी बसून होत्या. नकाशा झाला तो दृष्ट लागावी असा. भिंतींची जाडी, दाराची उघडझाप, खिडक्यांची मापं, रेघेवर रेघ नाही. सुनेने पंधरा वर्षांच्या सवयीच्या डोळ्यांनी तो वरून खाली तपासला आणि तिला एकही चूक सापडली नाही.

सापडणार कशी? दोघीही शिवणकामातल्या. कोटाची पाठ कागदावर काढायची तर शिंपी अर्धीच काढतो. दुसरी बाजू तशीच असते, मग काढायची कशाला? मधल्या रेघेवर 'घडी' असं लिहायचं, ती बाजू कापडाच्या घडीवर ठेवायची, कापायचं आणि उघडायचं. गॅरेजचंही तसंच होतं. दार मधोमध, त्याच्या दोन्ही अंगांना एकेक खिडकी, आणि दोन्ही लांब भिंती एकसारख्या, सपाट. सासूबाईंनी घराच्या बाजूचा अर्धा भाग काढला, मधोमध तुटक रेघ ओढली आणि सुरेख अक्षरात लिहिलं, 'घडी'.

कार्यालयाच्या खिडकीवरच्या कारकुनाने अर्ज घेतला, पाच शिक्के मारले आणि नकाशाकडे एकदाही न पाहता तो फाइलीत लावला. चार दिवसांनी गेटवर जाहीर सूचना लागली, तिच्या खाली नकाशाची प्रत. हरकतींसाठी एकवीस दिवस.

आता शेजाऱ्याबद्दल सांगायला हवं. शेजारी पावाच्या भट्टीवर रात्रपाळी करायचा. पहाटे परतायचा, आठ वाजता झोपायचा आणि दुपारी तीनला उठायचा. सासूबाई त्याला घरात घुबड म्हणायच्या आणि तोंडावर भाऊ. माणूस वाईट नव्हता, पण झोपेच्या बाबतीत कुणाच्या बापाचं ऐकणारा नव्हता. त्याची झोपायची खोली गॅरेजच्या बाजूला होती. पहाटे भट्टीवरून परतताना त्याने गेटवरचा नकाशा पाहिला. त्याला दिसलं सहा फूट रुंदीचं एक दुकान, तीन भिंतींचं, आणि चौथी बाजू सताड उघडी, नेमकी त्याच्या उशाकडे. आहे ती भिंतही आता पाडणार, असं त्याने धरलं. दिवसभर मशिनांचा खडखडाट कानात. न झोपता तो तसाच कार्यालयात गेला आणि हरकत नोंदवून आला.

कार्यालयाचं पत्र सुनेने तीनदा वाचलं. प्रस्तावित दुकानास तीनच भिंती आहेत. शेजारील बाजू पूर्णतः उघडी आहे. सहा फूट रुंदी दुकानास अपुरी आहे. शेजाऱ्यांची हरकत प्राप्त झाली आहे. सुनावणीस हजर राहावे. अर्ज नामंजूर झाल्यास एक वर्षापर्यंत पुन्हा करता येणार नाही.

"आई, ह्यांना आपली चौथी भिंत दिसत नाहीये."

"आंधळे आहेत का? घडी म्हणून लिहिलंय की ढळढळीत."

सून त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिने नकाशाची प्रत हातात घेतली, शिंपिणीसारखी नाही, कारकुनासारखी पाहिली, आणि तिला जे हसू फुटलं ते आवरेना. सासूबाई आधी रागावल्या. मग त्यांनी कागद ओढून घेतला, लांब धरला, जवळ धरला. "अगं बाई," त्या म्हणाल्या आणि त्यांचे खांदे हलू लागले. दोघी टेबलाच्या दोन बाजूंना डोळे पुसत हसत बसल्या. त्या घरात आठ महिन्यांत कुणी असं हसलं नव्हतं.

हसू ओसरल्यावर मात्र सुनेला शेवटची ओळ आठवली. एक वर्ष. आणखी एक वर्ष त्या खुर्चीत काढल्यावर सासूबाईंचं काय उरेल, हा विचार तिने अर्ध्यावरच सोडला. "दुसरा अर्धा काढून देऊ या," ती म्हणाली. "उद्याच नेऊन देते."

"लहानशा चित्रावरून त्यांना एकदा कळलं नाही, दुसऱ्यांदा कळेल?" सासूबाई म्हणाल्या. "नवख्या गिऱ्हाईकाला आपण कागद दाखवतो का? ट्रायल देतो. अंगावर घालून पाहू दे त्यांना."

"म्हणजे?"

"म्हणजे अख्खं दुकान. खऱ्या मापात. पोरी, गॅरेज झाडून घे."

तीन दिवस गॅरेजमध्ये ते काम चाललं. खाकी कागदाचे ताव खळीने जोडून बारा बाय अठरा फुटांचा एक कागद झाला. सासूबाई स्टुलावर, हातात लांब पट्टी. सून जमिनीवर रांगत. उंटावरून शेळ्या हाकणं कशाला म्हणतात ते सुनेला त्या तीन दिवसांत नीट कळलं. "डावीकडे घे. तुझी डावी नव्हे, भिंतीची. रेघ ओढ. ओढ म्हटलं, घाबर नाही म्हटलं." सुनेचे गुडघे सोलवटले, पण घरात पुन्हा ओरडा ऐकू येत होता आणि त्याच्यापुढे गुडघ्यांची तिला पर्वा नव्हती.

दाराची जागा कापायची वेळ आली तेव्हा सासूबाईंनी पिशवीतून मोठी कात्री काढली. स्वतः वाकता येत नव्हतं. क्षणभर त्या कात्रीकडे पाहत राहिल्या आणि मग मुठीची बाजू पुढे करून त्यांनी ती सुनेकडे दिली. "कागदच तर आहे. काप."

धार लावायला नेताना कधी जाणवलं नव्हतं, पण कामाला घेतल्यावर कात्री हाताला फार जड लागली. सुनेने कापायला सुरुवात केली. सासूबाई कागदाकडे पाहत नव्हत्या, तिच्या मनगटाकडे पाहत होत्या. "अंगठा मागे," एवढंच म्हणाल्या. सुनेने अंगठा मागे घेतला, आणि पुढची रेघ सरळ गेली.

सुनावणीच्या दिवशी दोघी टॅक्सीने गेल्या. घडी केलेल्या कागदाची गुंडाळी सतरंजीसारखी सुनेच्या खांद्यावर. कार्यालयाच्या दारात कळलं की सुनावणी दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट बंद आहे. सासूबाईंनी जिन्याकडे एकदा पाहिलं. मग खालच्या दालनातल्या बाकावर बसल्या, गुंडाळी शेजारी उभी करून घेतली आणि म्हणाल्या, "तू जा वर. सांग सगळं. गुडघ्यांचं सोडून."

वर एका लांब टेबलामागे अधिकारी बाई बसल्या होत्या, चष्मा डोक्यावर सरकवलेला. बाजूला तोच शिक्केवाला कारकून. शेजारी भिंतीला टेकून बसला होता, झोप मोडल्यामुळे डोळे लालबुंद.

"व्यवसायवाढ म्हणता," अधिकारी बाई फाइल चाळत म्हणाल्या. "सहा फुटांत काय वाढवणार तुम्ही?"

"ते सहा नाही, बारा आहेत. पूर्ण नकाशा आणलाय. खाली आहे."

"मग वर आणा."

"इथे मावणार नाही," सून म्हणाली, आणि इथपर्यंत तिने सासूबाईंचा शब्द पाळला. पुढे तिला राहवलं नाही. "आणि ज्यांनी काढलाय त्यांना वर येता येत नाही. जिना चढता येत असता तर आम्ही अर्जच केला नसता."

एकदा गाठ सुटल्यावर सगळंच बाहेर पडलं. बावीस पायऱ्या, नसलेलं ऊन, खुर्ची, थंड झालेले चहा. "व्यवसायवाढ वगैरे काही नाही हो. माझ्या सासूबाई दिवसेंदिवस कमी होत चालल्यात. त्यांना त्यांच्या टेबलाशी उभं करायचंय, एवढंच कारण आहे." सांगताना तिचा आवाज चिरकला आणि त्याची तिला लाज वाटली नाही. अधिकारी बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला, फाइल काखेत मारली आणि म्हणाल्या, "चला खाली."

खालच्या दालनात सुनेने कागद पसरला. आधी अर्धाच दिसत होता, सहा बाय अठरा. कारकून म्हणाला, "तीनच भिंती आहेत की." सासूबाईंनी त्याच्याकडे, बटण उलट्या बाजूने लावलेल्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. "उघड गं," त्या सुनेला म्हणाल्या. सुनेने घडी उघडली. कागद सरसरत दालनभर पसरला, कारकुनाला मागे सरकावं लागलं, आणि चौथी भिंत समोर आली. नऊ इंच जाड, विटांच्या खुणांसकट.

"कापलेल्या मालावर चपला नकोत," सासूबाईंनी बजावलं. अधिकारी बाईंनी मुकाट्याने बूट काढले आणि कागदाच्या दारातून आत गेल्या. खिडकीशी थांबल्या, टेबलाला वळसा घातला, मशिनापाशी कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "बरीच मोठी आहे की जागा," त्या म्हणाल्या.

"भाऊ, तुम्ही तिकडे या, भिंतीच्या पलीकडे," सासूबाई शेजाऱ्याला म्हणाल्या. "तो तुमचा पलंग. मधे वीट आहे, खिडकी नाही, फट नाही. मशिनं आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला. तुमच्या बाजूला माझं टेबल. कात्रीने कधी झोपमोड झाली का कुणाची?"

शेजारी आपल्या काल्पनिक पलंगाशी उभा राहून विचार करत होता. "आणि गिऱ्हाइकं, मावशी?"

"तुम्ही उठल्यावर. तीननंतर."

"मला ते उघडं दिसलं हो," तो म्हणाला. "म्हटलं, आता आपल्या झोपेची वाट लागली." मग तिथेच बाकावर बसून त्याने हरकत मागे घेतल्याचं लिहून दिलं आणि जांभई देत घरी गेला.

अधिकारी बाई बूट घालत म्हणाल्या, "आजी, तुमची अडचण मला ह्यांनी सांगितली." सासूबाईंनी सुनेकडे असा कटाक्ष टाकला की सुनेने मान खाली घातली. "अशा अडचणीत मला एक परवानगी आजच देता येते. तुमच्या नावाने. तुम्ही तिथे काम कराल तोवर ते दुकान. ते काम माझ्याच सहीने होतं, वर पाठवावं लागत नाही."

सुनेचा जीव भांड्यात पडला. हेच तर हवं होतं. ती हो म्हणणार तेवढ्यात सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे मी डोळे मिटले की कुलूप?"

"कागदोपत्री, हो. कायमची हवी असेल तर ती जागेला द्यावी लागते. ती फाइल समितीकडे जाते. महिनाभर लागेल, आणि ते हो म्हणतीलच असं मी सांगू शकत नाही."

"मग पाठवा समितीकडे," सासूबाई म्हणाल्या. "ही नको."

"आई, अहो, मिळतंय ते घ्या ना," सून म्हणाली. "समितीने नाही म्हटलं तर वर्ष जाईल. तुम्हाला आणखी एक वर्ष त्या खुर्चीत मी बघू शकत नाही."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्या अधिकारी बाईंशीच बोलत राहिल्या, पण आवाज खाली आला होता. "बाई, पंधरा वर्षं मी हिला कात्रीला हात लावू दिला नाही. हिला वाटतं, माझा हिच्या हातावर विश्वास नाही. तसं नव्हतं. हात चांगला आहे हिचा, पहिल्या वर्षीच कळलं होतं मला. भीती वाटायची. ही कापायलाही शिकली तर माझं काय काम उरलं? आणि आता तुम्ही तेच शिक्का मारून देताय, म्हातारी आहे तोवर दुकान. पूर्वी दिलं असतंत ना, तर चौकट करून भिंतीला लावलं असतं. आता मला खाली टेबल पाहिजे ते हिला शिकवायला. दुकानाच्या नावाने द्या. माझ्या गुडघ्यांच्या नावाने नको."

सून कागदाची घडी घालू लागली, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं. पंधरा वर्षं तिला वाटत आलं होतं की आपल्यातच काही कमी आहे. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्ही एकाच माणसासाठी येत असल्यामुळे त्यांचं काय करावं हे तिला समजत नव्हतं. "पहिल्याच वर्षी सांगायचं होतंत," ती कागदाकडे पाहत म्हणाली.

"सांगायचं होतं," सासूबाईंनी कबूल केलं. त्यांनी काही कबूल केल्याचं सुनेने ह्यापूर्वी ऐकलं नव्हतं.

अधिकारी बाईंनी फाइलीवर काहीतरी लिहिलं, आणि फाइल समितीकडे गेली.

घरी आल्यावर सासूबाई खुर्चीकडे न जाता जेवणाच्या टेबलाशी गेल्या, त्यावरचं सामान एका बाजूला केलं आणि म्हणाल्या, "टेबल लहान आहे तर लहान माणसाचा कोट काप. पाच वर्षांच्या पोराची पाठ किती लांब असते? कापड काढ." आठ महिन्यांत ही साधी गोष्ट दोघींपैकी एकीलाही सुचली नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

त्या महिन्यात सुनेने नऊ लहान कोट कापले. पहिल्या दोन कोटांची अस्तरं करावी लागली, तिसऱ्याचा गळा वाकडा गेला. "ह्या गळ्यातून कोण डोकं घालणार, तू?" असं सासूबाई म्हणायच्या. सातवा कोट कापून झाल्यावर त्यांनी तो उलटसुलट पाहिला, नीट घडी घालून बाजूला ठेवला आणि चहा प्यायला घेतला. चहा गरम होता. उरलेल्या वेळात सून गॅरेज रंगवत होती. परवानगी आली नाही तर निदान पंख्यांना तरी चांगली जागा होईल, असं नवरा फोनवर म्हणाला, आणि दोघींनी एकदमच त्याचा फोन ठेवून दिला.

पत्र चौतिसाव्या दिवशी आलं, दुपारी. सून दहाव्या कोटाच्या मुंढ्यापाशी होती. तिने कात्री खाली ठेवायला घेतली.

"आधी ते पुरं कर," सासूबाई म्हणाल्या. "कागद कुठे पळून जात नाही."

सुनेने मुंढा पुरा केला. हात पुसले, पाकीट फोडलं. पहिल्या ओळीत 'मंजूर' होतं. तो शब्द तिने दोनदा पाहिला आणि मग मोठ्याने वाचायला घेतलं. मशिनं घराच्या बाजूच्या भिंतीस असावीत. ग्राहक दुपारी तीननंतर. दारापाशी उंबरठा असू नये. 'सदर परवानगी जागेस देण्यात येत असून ती कोणत्याही व्यक्तीवर अवलंबून राहणार नाही.'

"शेवटचं पुन्हा वाच."

सुनेने पुन्हा वाचलं.

"म्हणजे आता मी नसले तरी चालेल," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडावर समाधान होतं, अगदी सरळ बसलेल्या कोटाकडे पाहताना असायचं तसं.

"त्यांना चालेल," सून म्हणाली. "मला नाही चालणार."

टेबलावरचे कपटे सासूबाईंनी हाताने गोळा केले.

"मग सावकाश शीक," त्या म्हणाल्या आणि पुढचं कापड पसरू लागल्या.